पहाटफेरी, पांजरापोळ आणि भूतदयेचा जमाखर्च

नायगावात दिवस उजाडण्यापूर्वी सर्वांत आधी जागी होतात ती कुत्री. हिंदमाता परिसरातील कापडाच्या दुकानांची शटर अद्याप खाली असतात, दुधाच्या पिशव्यांचे क्रेट टेम्पोतून रस्त्यावर उतरत असतात, आणि हातगाड्यांखाली अंगाचे वेटोळे करून निजलेली ही मंडळी एकेक करून उठतात, पाठ ताणून आळस देतात व आपापल्या हद्दीची पाहणी करून येतात. त्याच सुमारास इमारतींच्या जिन्यांवरून ज्येष्ठ नागरिक खाली उतरू लागतात. कुणाच्या हातात काठी असते, कुणाच्या हातात जुन्या वर्तमानपत्रात बांधलेली पोळी. रात्री उरलेली पोळी जैन घरात दुसऱ्या दिवशी पानात वाढली जात नाही; वासी म्हणून ती बाजूला निघते आणि तिचा धनी ठरलेला असतो. तो धनी जिन्याच्या शेवटच्या पायरीशी शेपटी हलवीत उभा असतो.

तेथून ही फेरी बहुधा उत्तरेकडे वळते. पोलीस मुख्यालयाच्या मैदानावरून जाताना जुन्या माणसांना ‘जंजीर’ची आठवण होते. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या याच लॅब्राडोर कुत्र्याने हजारो किलो स्फोटके हुंगून काढली होती आणि नोव्हेंबर २००० मध्ये तो मरण पावला तेव्हा त्याला इतमामाने निरोप देण्यात आला होता. पुढे दादर पारशी कॉलनीची हद्द लागते आणि रस्त्याचा रंगच पालटतो. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईची दाटी मोकळी करण्यासाठी १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंगा व शीव हा पट्टा त्याने आखला आणि मंचेरजी जोशी यांच्या पाठपुराव्याने त्यात पारशी वसाहत उभी राहिली. एकेका रस्त्याला एकेका जातीची झाडे लावण्याची त्या काळची योजना आजही नजरेला सुखावते. पाच उद्यानांपाशी पोहोचेपर्यंत उजाडलेले असते. तांबट पक्षी भांडे ठोकावे तसा एकसुरी ‘टुक टुक’ करीत असतो. उन्हाळ्यात कुठे बहावा पिवळा झालेला असतो, कुठे ताम्हण जांभळे. दयाळाची शीळ ऐकून थांबणारे थोडे असतात, पण जे थांबतात ते रोज थांबतात. चातुर्मासात मात्र या मंडळींतील काहीजण हिरवळीवर पाऊल टाकीत नाहीत, फरसबंदीवरूनच चालतात. पावसाळ्यात गवतात किती जीव असतात हे त्यांना कोणत्याही निसर्गमंडळाने शिकवलेले नसते.

निसर्ग पाहण्याची हौस ही केवळ साहेबांची, असा एक गैरसमज आहे. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ज्या आठ जणांनी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन एतद्देशीय वैद्य होते. पुढे खेतवाडीत वाढलेल्या सालिम अलींनी १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध केले. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ लिहून महिन्यामहिन्याचा निसर्ग मराठी वाचकापुढे ठेवला. ही सारी मुंबईकर मंडळी.

पाच उद्यानांच्या बाकांवर बसल्यावर गप्पांचा विषय ठरलेला असतो: मुले, आणि मुलांचा परदेश. पेढीची गादी सांभाळण्यासाठी थांबलेला एक मुलगा आणि न्यू जर्सीत वा लंडनच्या उपनगरात स्थिरावलेला दुसरा, अशी विभागणी आता कितीतरी घरांत दिसते. सहा महिने तिकडे राहून परतलेले आजोबा तेथील रस्त्यांचे, ग्रंथालयांचे, शांततेचे वर्णन करतात. एडिसनमध्ये पहाटे फिरायला निघावे तर अर्धा तास चालूनही बोलायला माणूस भेटत नाही. भेटतो तो कुत्र्याला घेऊन निघालेला शेजारी. नायगावात ज्यांना दहा पावलांवर कुणीतरी ‘जय जिनेंद्र’ म्हणते, त्यांना तेथे पहिली ओळख कुत्र्यामुळे मिळते. नातवंडांच्या आग्रहाखातर घरातही एक पिल्लू आलेले असते. त्याचा गावच्या कार्यालयात परवाना काढलेला असतो, गळ्यात बिल्ला असतो, रेबीजच्या लसीचा दाखला असतो, विमाही असतो. बाहेर नेताना दोरी आणि त्याने केलेली घाण उचलण्यासाठी पिशवी लागते. सुनेने भाजी निवडावी तितक्याच सहजपणे मुलगा ती पिशवी बांधतो, हे पाहून आजोबांना आधी संकोच वाटतो आणि मग कौतुक.

खरा पेच उभा राहतो तो स्वयंपाकघरात. बाजारात मिळणारे कुत्र्याचे खाद्य बहुतांशी मांसाचे. ज्या घरात कांदा-लसूणही वर्ज्य, त्या घराच्या कपाटात ते डबे ठेवायचे कसे? काही कुटुंबांनी यावर भांडणे केली आहेत, काहींनी पिल्लू आणण्याचा बेतच सोडला आहे. काहींनी पशुवैद्याच्या सल्ल्याने शाकाहारी खाद्य सुरू केले आहे. मांजराच्या बाबतीत हे साधत नाही, कारण त्याचे शरीर मांसावरच चालते. कुत्र्याचे तसे नाही. २०१३ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले की, लांडग्याच्या तुलनेत पाळीव कुत्र्यात पिष्ट पदार्थ पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक असतात. माणसाच्या शेतीच्या काठाने वाढता वाढता तो माणसाचे अन्न पचवू लागला. नायगावच्या कुत्र्याला हे संशोधन वाचण्याची गरज नव्हती; पिढ्यान्‌पिढ्या तो पोळी-भाकरीवर गुजराण करीत आला आहे. मात्र केवळ पोळी आणि ग्लुकोजची बिस्किटे हा काही पुरता आहार नव्हे. शाकाहारी खाद्य द्यायचे तर तेही वैद्यकीय देखरेखीखाली द्यावे लागते, एवढे येथे नमूद केले पाहिजे.

तिकडच्या व्यवस्थेची स्तुती ऐकताना आणखी एक नोंद विसरली जाते. अमेरिकेच्या रस्त्यावर बेवारस कुत्रे सहसा दिसत नाही, याला शिस्त हे एक कारण आहे. दुसरे कारण निवाऱ्यांत आहे. ज्यांना घर मिळत नाही अशी कुत्री आणि मांजरे तेथील निवाऱ्यांत इंजेक्शन देऊन मारली जातात आणि त्यांची संख्या वर्षाला काही लाखांच्या घरात राहिली आहे. ताळेबंदाची एकच बाजू वाचून पेढीची स्थिती कळत नाही, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावयास नको.

बाकावरची सभा उठते आणि परतीच्या वाटेवर पुस्तकप्रेमींपैकी काहीजण मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाकडे वळतात. १ ऑगस्ट १८९८ रोजी स्थापन झालेली ही संस्था गिरणगावाच्या उंबरठ्यावर नायगावात उभी आहे. प्लेगने माणसे शहर सोडून पळत होती, त्या काळात काही मराठी माणसांना पुस्तके जमविण्याची बुद्धी झाली, हे आज आश्चर्याचे वाटते. १९४८ मध्ये मराठी संशोधन मंडळ येथेच सुरू झाले आणि अ. का. प्रियोळकरांसारख्या साक्षेपी संशोधकाने ते नावारूपाला आणले. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे १८६३ चे पुस्तकही पुढे या संस्थेने पुन्हा प्रसिद्ध केले. जुन्या मुंबईची अशी पुस्तके चाळू लागले की, सकाळी पायाशी घोटाळणाऱ्या कुत्र्याचे आणि व्यापारी समाजाचे एक जुने नाते समोर येते. ते आजच्या वाचकाने जाणून घेण्याजोगे आहे.

प्रसंग १८३२ चा. कंपनी सरकारच्या पोलिसांना उन्हाळ्याच्या दिवसांत बेवारस कुत्री मारण्याची मुभा १८१३ च्या नियमाने मिळाली होती. १८३२ मध्ये या मोहिमेची मुदत वाढविण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम असे. आठ आण्यांचे मोल त्या काळी मोठे होते, त्यामुळे बेवारस कोणते आणि पाळलेले कोणते हा विवेक सुटला. कुत्री घरांच्या आवारांतूनही ओढून नेली जाऊ लागली. ६ जून रोजी, पारशी समाजाच्या पवित्र दिवशी, कोट भागात कुत्री मारणाऱ्या दोन गोऱ्या शिपायांना जमावाने गाठले. पारशी धर्मात मृताच्या अंत्यविधीत कुत्र्याला स्थान आहे, तेव्हा त्यांचा संताप समजण्याजोगा होता. परंतु जमावात हिंदू आणि जैनही होते. दुसऱ्या दिवशी दुकाने उघडली नाहीत. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारा अन्नपाण्याचा पुरवठा अडविण्यात आला. सरकारने दंगलीचा कायदा वाचून दाखविला, लष्कर आणले, धरपकड केली. मुंबईच्या इतिहासात हा प्रसंग ‘कुत्र्यांची दंगल’ म्हणून ओळखला जातो आणि शहरातील पहिल्या मोठ्या बंदांपैकी तो एक होता.

दंगल दोन दिवसांत शमली. त्यानंतर जे झाले त्याची आठवण मात्र फारशी काढली जात नाही. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वर येथे मुंबई पांजरापोळ उभी राहिली. तिच्या संस्थापकांत सर जमशेटजी जीजीभाई हे पारशी शेटिया आणि शेठ मोतीचंद अमीचंद हे जैन शेटिया अग्रभागी होते. मोतीचंद अमीचंद म्हणजेच आपले मोतीशा शेठ. भायखळ्याचे आदीश्वर भगवानांचे मंदिर ज्यांनी बांधले आणि शत्रुंजयावरील टूंक ज्यांच्या नावे ओळखली जाते तेच. कार्तिकी पौर्णिमेला भायखळ्यास दर्शनाला जाणाऱ्या हजारो भाविकांपैकी किती जणांना ठाऊक असेल की, मंदिर उभारणाऱ्या या हातांनीच शहरातील भटक्या कुत्र्यांसाठीही छप्पर घातले? पांजरापोळ म्हटले की आज गाई डोळ्यांपुढे येतात. मुंबईच्या पांजरापोळीचा आरंभ मात्र मारल्या जाणाऱ्या कुत्र्यांना आसरा देण्यासाठी झाला.

हे काळाच्या किती पुढे होते, याचा अंदाज एका तुलनेने येतो. प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी लंडनमध्ये १८२४ मध्ये संस्था निघाली होती हे खरे. पण बेवारस कुत्र्यांसाठीचे प्रसिद्ध आश्रयस्थान, जे पुढे बॅटरसी येथे गेले, ते तेथे १८६० मध्ये सुरू झाले. भुलेश्वरची पांजरापोळ त्याहून सव्वीस वर्षांनी ज्येष्ठ.

या पांजरापोळीची खरी मौज तिच्या वह्यांत आहे. एखाद्या श्रीमंताने उदार होऊन देणगी द्यावी आणि ती संपली की दाराला कुलूप लागावे, असा तिचा प्रकार नव्हता. गुजरातेतील महाजनांची जुनी रीत येथे लागू झाली: बाजारात होणाऱ्या मालाच्या सौद्यांवर व्यापाऱ्यांनी आपणहून ठरावीक लागा बसवून घेतला. सौदा झाला की पांजरापोळीचा वाटा निघाला. कापसाला तेजी आली तर जनावरांच्या चाऱ्याला तेजी, मंदी आली तरी काही ना काही जमा. मनात दया उत्पन्न होण्याची वाट पाहावी लागत नसे. ती दलाली आणि हमालीप्रमाणे खर्चाच्या बाबींत आधीच धरलेली असे. हिशोबतपासनीस बसविता येईल अशी भूतदया, असे तिचे वर्णन केले तर त्या शेटियांना ते खचितच आवडले असते.

त्या वह्यांत सारेच उजळ होते असेही नाही. जमशेटजी, मोतीशा, कोकणी मुसलमान महंमद अली रोगे आणि गोव्याचे रोजेरिओ द फारिया हे चीनच्या व्यापारातील सहकारी होते, आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफूच्या पेट्याही होत्या. एका हाताने मुक्या जिवाला पाणी पाजणाऱ्या या पिढीने दुसऱ्या हाताने काय पाठविले, ही ओळ इतिहासाच्या खतावणीतून खोडता येत नाही. चार धर्मांची माणसे एका जहाजात भागीदार होती आणि एका पांजरापोळीमागे सारा बाजार उभा राहिला, हेही तितकेच खरे.

पांजरापोळीनंतर मुंबईत या कामाला शास्त्राची जोड मिळाली आणि ती नायगावच्या अगदी शेजारी. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी मुंबईची संस्था निघाली. सर दिनशा पेटिट यांच्या दातृत्वाने परळ येथे बाई साकरबाई यांच्या नावे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जवळच हाफकिन संस्था, जिथे कुत्र्याच्या चाव्यावरील लसीचे कामही दीर्घकाळ झाले. म्हणजे नायगावच्या माणसाला दोन-तीन किलोमीटरच्या आत कुत्र्याविषयीचे पुस्तक, कुत्र्याचा दवाखाना आणि कुत्र्याच्या विषावरील संशोधन हे तिन्ही लाभले होते. इतके सारे असूनही विसाव्या शतकातील दीर्घ काळ महापालिका दरवर्षी हजारो कुत्री मारीतच राहिली. ना कुत्री संपली, ना रेबीज. एका गल्लीतील कुत्री उचलली की, तेथील उकिरडा मोकळा राही आणि शेजारच्या गल्लीतील नवी, लस न टोचलेली कुत्री तेथे येऊन वसत. नव्वदच्या दशकात मुंबईत ही कत्तल थांबली आणि निर्बीजीकरणाचा मार्ग धरला गेला. २००१ मध्ये त्यासाठी केंद्राचे नियम झाले, २०२३ मध्ये ते सुधारून आले. २०१४ च्या गणनेत मुंबईत सुमारे पंचाण्णव हजार भटकी कुत्री मोजली गेली.

इतिहास येथे संपला असता तर बाकावरच्या गप्पांत कुत्री एवढी जागा अडवती ना. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला, त्याच महिन्याच्या २२ तारखेला तो बदलून निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्री जागच्या जागी सोडावीत, खाणे नेमलेल्या जागीच द्यावे, असे सांगितले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून ती हटविण्याचा आदेश झाला. त्याच पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि ती फाडलीही गेली. नायगावहून रेल्वेचा पूल ओलांडला की कबुतरखाना. त्यामुळे हा वाद येथल्या घराघरात जेवणाच्या पाटापर्यंत आला. आजी म्हणते, दाणे टाकणे हा आमचा पिढीजात धर्म. डॉक्टर असलेली नात म्हणते, कबुतरांच्या विष्ठेने कुणाची तरी फुफ्फुसे निकामी होतात, तोही पंचेंद्रिय जीवच. दोघीही खोटे बोलत नाहीत, म्हणूनच हा वाद आवाज चढवून मिटण्याजोगा नाही.

कुत्र्याच्या बाबतीत जैन कुटुंबाचा पेच याहून सूक्ष्म आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जुन्या काळी ते बैल आणि घोडा यांना उद्देशून वाचले जात. आता ते कुत्र्याला लावून पाहावेत. परदेशातील नातवाच्या हातातील दोरी हा बंध झाला काय? निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया आणि खूण म्हणून कानाला पाडलेली खाच, हा छेद ठरतो काय? ‘खाणे घालू नका’ असा फलक सोसायटीने लावला तर तो अन्नपाननिरोध होय काय? या शंका घेऊन काही श्रावक जीवदयेच्या कामात निर्बीजीकरणासाठी पैसे देण्यास कचरतात. चारा आणि दाणापाणी यांना मात्र मुक्तहस्ते देतात.

ही शंका सन्मानाने ऐकली पाहिजे, पण तिचा हिशोबही मांडला पाहिजे. रस्त्यावरची कुत्री वर्षातून दोनदा वितात. चार-सहा पिल्ले होतात आणि त्यांतील बहुतेक पहिले वर्ष पाहत नाहीत. चाकाखाली, पावसात, रोगाने, उपासमारीने जातात. हे मरण कुणी देत नाही म्हणून ते कुणाच्या खाती पडत नाही, असे मानणे सोयीचे आहे; त्या मातेला रोज बिस्किटे घालून दुसरे काहीच न करणाऱ्याच्या खाती त्यातला काही अंश यावयास हवा. भूल देऊन केलेली एक शस्त्रक्रिया एका बाजूला आणि प्रत्येक पावसाळ्यात गटाराच्या झाकणापाशी सापडणारी पिल्ले दुसऱ्या बाजूला, असे दोन रकाने पाडले तर शिल्लक कोणत्या बाजूला निघते ते स्पष्ट आहे. अतिचारांच्या विवेचनात भर असतो तो करणाऱ्याच्या भावावर, प्रमादावर. पीडा देण्यासाठी बांधणे आणि रस्त्यावर गाडीखाली सापडू नये म्हणून बांधणे यांत अंतर आहे, हे व्रतस्थ माणसाला कळते.

आणि माणसाचाही रकाना आहेच. रेबीज एकदा अंगात प्रकट झाला की माणूस वाचत नाही असेच धरून चालावे लागते, आणि आपल्या देशात तो येतो बहुतेक कुत्र्याच्या चाव्यातूनच. त्यात लहान मुलांचा वाटा मोठा असतो. चावा वा ओरखडा, जखम किरकोळ दिसली तरी पंधरा मिनिटे साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुणे आणि त्याच दिवशी लस घेण्यास रुग्णालय गाठणे, हे प्रत्येक दुकानातील पोऱ्यालासुद्धा ठाऊक असावयास हवे. हळद, चुना, तिखट यांनी काही होत नाही. आपल्या शेजारच्या गोव्याने गेल्या दशकात दाखवून दिले की हे विष आवरता येते. जाळी आणि बर्फाचा डबा घेतलेली पथके वाड्यावाड्यांतून फिरली, लाखभर कुत्र्यांना वर्षाला लस टोचली गेली, शाळांतून मुलांना चाव्याचे प्रथमोपचार शिकविले गेले आणि २०२१ मध्ये गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. शंभरातील सत्तर कुत्र्यांना लस दिली की रोगाची साखळी तुटते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा आहे. एका गल्लीत दहा कुत्री असतील तर सात. हे गणित पेढीवरच्या कुणालाही जमेल.

ज्यांना शास्त्राधार हवा त्यांच्यासाठी जीवंधरकुमाराची कथा आहे. यज्ञातील अन्नाला तोंड लावले म्हणून ज्या कुत्र्याला मरेपर्यंत मारले, त्याच्या कानात जीवंधराने णमोकार मंत्र सांगितला आणि तो जीव यक्ष होऊन जन्मला. पुढे संकटात तोच जीवंधराच्या मदतीला धावला. आचार्य समंतभद्रांनीही रत्नकरंड श्रावकाचारात धर्माने कुत्र्याचाही देव होतो आणि पापाने देवाचाही कुत्रा, असे बजावले आहे. कुत्र्याचा दृष्टांत त्यांनी सहज घेतलेला नाही. समाज ज्याला सर्वांत हीन लेखतो तोच प्राणी त्यांनी निवडला. कथेतील जीवंधर त्या मरणाऱ्या प्राण्याजवळ थांबला, जखमी अंगाशी खाली बसला. आजच्या काळात त्या थांबण्याला थोडा वेळ आणि परळपर्यंतचे टॅक्सीभाडे लागते, इतकेच.

नायगावात सध्या या प्रश्नाला एक निराळेच वळण लागले आहे. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या चाळी, ज्यांना सारे मुंबईकर बीडीडी म्हणतात, त्यांतील ४२ इमारती नायगावात. १६० चौरस फुटांची खोली, लांबलचक सामाईक मार्गिका आणि रात्री उघडी राहणारी दारे. अशा चाळीत कुत्रा कुणा एकाचा नसतो, मजल्याचा असतो. पहिल्या खोलीतून भात, चौथ्या खोलीतून पाव, गणपतीत प्रसादाचा उरलेला शिरा. त्याला नाव असते, त्याचे भाडे नसते. आता पुनर्विकासात चाळी रिकाम्या होतात, माणसांना संक्रमण शिबिराचा किंवा भाड्याचा पर्याय मिळतो, करारनाम्यात प्रत्येक खोलीची नोंद असते. कुत्र्याची कोणत्याच रकान्यात नसते. माणसे सामानाचा टेम्पो भरून निघतात. कुत्री थोडे अंतर टेम्पोमागे धावतात आणि आपली हद्द संपली की थांबतात.

रिकाम्या इमारतींभोवती निळे पत्रे लागतात. पत्र्यांच्या आत काही दिवस कुत्री तशीच राहतात, मग पाडकामाच्या आवाजाने बाहेर येतात आणि कापडबाजाराच्या रस्त्यावर शिरतात, जेथे आधीच दुसऱ्या टोळीचे राज्य असते. रात्रभर भांडणे होतात, सकाळी कुणाच्या तरी पायाला दात लागलेला असतो आणि व्यापारी मंडळी महापालिकेला फोन करतात. या नव्या आलेल्यांना लस टोचलेली आहे की नाही, कानाला खाच आहे की नाही, हे पाहण्याचे काम कुणाचे, यावर एकमत होत नाही. दुकानांच्या ओळीतील चार-पाच धन्यांनी महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढली तर त्या गल्लीतील कुत्र्यांची वार्षिक लस आणि निर्बीजीकरणाची ने-आण बसते, इतका हा छोटा हिशोब आहे. दिवाळीच्या चोपडापूजनात नव्या वहीत शुभ-लाभ लिहिल्यावर कित्येक पेढ्यांत आजही पहिल्या पानांवर धर्मादाय आणि जीवदया यांची खाती उघडली जातात. त्या खात्यांत चारा, दाणापाणी आणि पांजरापोळ या नावांखाली रकमा पडतात. ‘गल्लीतील कुत्री’ असे नाव अद्याप फारसे कुणी घातलेले नाही.

सकाळच्या फेरीवरून परतणारे एक-दोन आजोबा मात्र हल्ली वाट वाकडी करून त्या निळ्या पत्र्यांपाशी जातात. पाडलेल्या चाळीच्या फाटकाजवळ पहारेकऱ्याची खुर्ची असते आणि खुर्चीखाली जुन्या चाळीचा एखादा काळू बसलेला असतो. वर्तमानपत्राची पुरचुंडी उघडली जाते. पहारेकरी सांगतो की, काल पालिकेची गाडी आली होती, दोन कुत्री नेली, शुक्रवारी परत आणून सोडतो म्हणाले. कोणती दोन, ते त्याने नीट पाहिले नव्हते. आजोबा खिशातून छोटी डायरी काढतात, शुक्रवारची तारीख लिहून ठेवतात आणि दुकान उघडायची वेळ झाली म्हणून हिंदमाताच्या दिशेने चालू लागतात.